चौतिसाव्या राज्यानंतर काय?

१९६९ साली अमेरिकेत एक घटनात्मक पेच अगदी उंबरठ्यापर्यंत येऊन थांबला. राज्यघटनेत दुरुस्ती सुचवण्यासाठी राज्यांची परिषद बोलवावी, अशी मागणी करणाऱ्या विधिमंडळांची संख्या ३३ वर पोहोचली होती. ५० राज्यांच्या दोन तृतीयांश म्हणजे ३४ हा आकडा गाठायला एकच राज्य कमी पडत होते. ते आले नाही. मोहिमेचे नेते, इलिनॉयचे सिनेटर एव्हरेट डर्कसन, त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये वारले आणि त्यांच्यामागे मोहीमही विरली. परंतु ते ३४ वे राज्य आले असते तर दुसऱ्या दिवशी सकाळी नेमके काय करायचे, हे वॉशिंग्टनमध्ये कोणालाही ठामपणे सांगता आले नसते. परिषद कुठे भरायची, प्रतिनिधी किती आणि ते कोणी निवडायचे, मतदान राज्यागणिक की लोकसंख्येनुसार, आणि ठरलेल्या विषयाबाहेर परिषद गेली तर तिला थांबवायचे कोणी, यांपैकी एकाही प्रश्नावर राज्यघटनेत अक्षर नाही. पन्नासहून अधिक वर्षे उलटली, तरी परिस्थिती तीच आहे.

अमेरिकी राज्यघटनेचे पाचवे कलम एका लांबलचक वाक्याचे आहे. दुरुस्तीचा प्रस्ताव दोन मार्गांनी येऊ शकतो. एक तर काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सिनेट आणि प्रतिनिधिगृह या दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश बहुमताने तो मांडावा. किंवा दोन तृतीयांश राज्यांच्या विधिमंडळांनी अर्ज केल्यास काँग्रेसने दुरुस्त्या सुचवण्यासाठी एक परिषद बोलवावी. प्रस्ताव कोणत्याही वाटेने आलेला असो, तीन चतुर्थांश राज्यांनी, म्हणजे आजच्या हिशेबाने ३८ राज्यांनी, त्याला मान्यता दिल्याखेरीज तो राज्यघटनेचा भाग होत नाही. आजवर झालेल्या २७ दुरुस्त्यांपैकी प्रत्येक दुरुस्ती पहिल्या मार्गाने आली आहे. दुसरी वाट १७८७ पासून कागदावर आहे आणि तिच्यावरून अद्याप कोणी चाललेले नाही.

ही वाट कलमात आली कशी, हे पाहिल्याशिवाय तिचे मोल कळत नाही. राज्यघटना लिहिणाऱ्या फिलाडेल्फियाच्या परिषदेत १५ सप्टेंबर १७८७ रोजी, सह्या होण्याच्या दोनच दिवस आधी, व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांनी मसुद्यावर आक्षेप घेतला. दुरुस्तीचा प्रस्ताव मांडण्याचा अधिकार शेवटी काँग्रेसच्याच हातात राहणार असेल, तर उद्या हेच सरकार जुलमी झाल्यावर लोकांना हवी ती दुरुस्ती कधीच मिळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे याला कुंपणानेच शेत खाणे म्हणतात. गव्हर्नर मॉरिस आणि एल्ब्रिज गेरी यांनी लगेच दुरुस्ती सुचवली आणि राज्यांच्या मागणीवरून परिषद बोलावण्याची तरतूद आली. (मॉरिस यांच्या नावातला ‘गव्हर्नर’ हा हुद्दा नव्हे, ते त्यांचे नावच होते.) जेम्स मॅडिसन यांनी तरतुदीला विरोध केला नाही, पण परिषदेचे स्वरूप काय, तिची गणसंख्या किती, यावरून पुढे अडचणी येतील, असे मात्र तिथेच बोलून दाखवले. सभागृहाने ते ऐकून घेतले आणि पुढचा विषय हाती घेतला. प्रतिनिधी चार महिने उन्हाळ्यात बंद खिडक्यांआड बसले होते आणि सर्वांना घरी जायचे होते, हे लक्षात घेतले तर त्या घाईचे नवल वाटत नाही. मॅडिसन यांच्या त्या प्रश्नांना उत्तरे मात्र अजून मिळालेली नाहीत.

त्या तरतुदीतला एक शब्द मात्र अगदी विचारपूर्वक घातलेला आहे. राज्यांचे अर्ज पुरेसे झाले की काँग्रेसने परिषद बोलवावीच लागेल. बोलवता येईल, असे कलम म्हणत नाही. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी राज्यघटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या आपल्या शेवटच्या लेखात हाच मुद्दा ठासून मांडला: या बाबतीत काँग्रेसच्या मर्जीवर काहीही सोडलेले नाही. हा फरक किती मोठा असू शकतो याचे उदाहरण आपल्या घरात आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६९ नुसार एखाद्या राज्याच्या विधानसभेने विधान परिषद स्थापन करण्याचा किंवा रद्द करण्याचा ठराव विशेष बहुमताने केला, तर संसद तसा कायदा करू शकते; करायलाच हवा असे बंधन तिच्यावर नाही. आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने जानेवारी २०२० मध्ये विधान परिषद रद्द करण्याचा ठराव केला, संसदेने त्यावर काहीच केले नाही आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच विधानसभेने तो ठराव मागे घेतला. ‘शकते’ आणि ‘लागेल’ यांतले अंतर ते हे.

वाट कधी वापरली गेली नाही म्हणून ती निरुपयोगी ठरली, असे मात्र नाही. राज्यघटना अमलात येण्यापूर्वीच, नोव्हेंबर १७८८ मध्ये व्हर्जिनियाने आणि त्यापाठोपाठ न्यू यॉर्कने दुसऱ्या परिषदेची मागणी केली होती. मॅडिसन यांना दुसऱ्या परिषदेची धास्ती होती. पहिल्या परिषदेतल्या अडचणी पाहिल्यानंतर दुसरीच्या कल्पनेने आपल्याला कापरे भरते, अशा अर्थाचे त्यांनी एका पत्रात लिहून ठेवले आहे. जून १७८९ मध्ये त्यांनी स्वतःच काँग्रेसमध्ये नागरिकांच्या हक्कांसंबंधीच्या दुरुस्त्या मांडल्या, आणि त्यामागे इतर कारणांबरोबर ही मागणी शमवण्याचा हेतूही होता. भाषणस्वातंत्र्य आणि धर्मस्वातंत्र्य देणारी ती हक्कांची सनद १७९१ मध्ये मान्य झाली. तिच्या जन्माला न भरलेल्या परिषदेचा असा हातभार लागला आहे.

त्याहून स्पष्ट उदाहरण सतराव्या दुरुस्तीचे. मूळ घटनेत सिनेटचे सदस्य राज्यांची विधिमंडळे निवडत असत. त्यात लाचलुचपत होत असे आणि कधी कधी विधिमंडळात कोंडी होऊन जागा महिनोन्महिने रिकामी राहत असे. लोकांनी थेट निवडणूक मागितली, प्रतिनिधिगृहाने अनेकदा तसा प्रस्ताव मंजूर केला, पण सिनेट तो हाणून पाडत राहिली. जुन्या पद्धतीने निवडून आलेल्या माणसांना नवी पद्धत का आवडावी? मग १८९० च्या दशकापासून एकेक राज्य परिषदेसाठी अर्ज करू लागले. आकडा दोन तृतीयांशच्या जवळ सरकू लागल्यावर सिनेटला सुबुद्धी झाली. परिषद भरली आणि तिने याहून कडक काही सुचवले तर काय करायचे, त्यापेक्षा आपणच प्रस्ताव मांडलेला बरा, असा तो हिशेब होता. १९१२ मध्ये काँग्रेसने प्रस्ताव पाठवला आणि १९१३ मध्ये तो घटनेत गेला.

या इतिहासावरून मी एक निष्कर्ष काढतो, आणि पुढचे सारे विवेचन त्यावर उभे आहे. ज्या विषयात काँग्रेस स्वतःच पक्षकार आहे, त्यात निर्णयाचा आरंभ तिच्याकडे सोपवणे म्हणजे आरोपीलाच न्यायाधीश करणे होय. सदस्यांच्या कार्यकाळाला मर्यादा, त्यांचे वेतन, त्यांच्या निवडणुकीची रीत, निवडणुकीतला पैसा हे त्या जातीचे विषय आहेत. त्यांच्यापुरती तरी दुसरी वाट खरोखर चालण्याजोगी असली पाहिजे. आणि जिच्यावर पाऊल टाकले तर आपण कुठे पोहोचू हे कोणालाच ठाऊक नाही, ती वाट चालण्याजोगी म्हणता येत नाही.

आज ही मागणी कोण करत आहे, ते पाहू. केंद्राचे अंदाजपत्रक संतुलित ठेवण्याची सक्ती करणारी दुरुस्ती व्हावी म्हणून १९७५ नंतर अर्जांची लाट आली आणि १९८३ मध्ये मिसूरी हे ३२ वे राज्य झाले. म्हणजे दोनच कमी. मग १९८८ पासून अलाबामा, फ्लोरिडा यांच्यासारखी राज्ये मागे फिरली आणि २०१० नंतर त्यांतलीच काही पुन्हा आली. २०१३ मध्ये सुरू झालेली ‘कन्व्हेन्शन ऑफ स्टेट्स’ ही उजव्या विचारांची मोहीम केंद्राचा खर्च, केंद्राचे अधिकार आणि पदाधिकाऱ्यांचा कार्यकाळ या तीन गोष्टींवर परिषद मागते. २०२२ पर्यंत तिच्यामागे १९ राज्ये आली होती. दुसऱ्या टोकाला, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालाने कंपन्यांच्या निवडणूक खर्चाला मोकळीक दिल्यावर, तो निकाल उलटवण्यासाठी व्हर्माँट आणि कॅलिफोर्निया यांनी २०१४ मध्ये परिषदेसाठीच अर्ज केले. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाने बंदुकांच्या नियमनासाठी आणखी एक अर्ज केला. म्हणजे हे हत्यार कोणा एका पक्षाचे नाही. गंमत अशी, की दोन्ही पक्षांतले निम्मे लोक दुसऱ्या पक्षाच्या परिषदेला घाबरतात आणि उरलेले निम्मे स्वतःच्याच पक्षाच्या परिषदेला.

या भीतीचे नाव ‘मोकाट परिषद’. एका विषयासाठी जमलेले प्रतिनिधी हक्कांची सनदच मोडीत काढतील, अशी ही धास्ती आहे. तिला एक दाखला नेहमी जोडला जातो, आणि तो खराही आहे: १७८७ ची फिलाडेल्फियाची परिषदच मुळात ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ या तेरा राज्यांच्या जुन्या संघकरारामध्ये सुधारणा सुचवण्यापुरती काँग्रेसने बोलावली होती आणि ती नवीकोरी राज्यघटना घेऊन बाहेर पडली. जुन्या व्यवस्थेत बदलाला तेराही राज्यांची संमती लागत असे. नव्या घटनेने नऊ राज्यांवर काम भागवले. माजी सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी १९८८ मध्ये एका पत्रात लिहिले, की परिषद एकदा भरली की तिच्या तोंडाला मुसके बांधण्याचा कोणताही परिणामकारक उपाय नाही. न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया १९७९ मध्ये, प्राध्यापक असताना, परिषदेच्या बाजूने बोलले होते. २०१४ मध्ये त्यांनीही तिच्यातून काय बाहेर पडेल कोणास ठाऊक, असे म्हणून अंग काढून घेतले.

एवढी वजनदार माणसे म्हणतात म्हणून ही भीती हसण्यावारी नेता येणार नाही, पण ती चुकीच्या जागी बसली आहे असे मला वाटते. परिषद फक्त प्रस्ताव मांडू शकते. तो मान्य करायला ३८ राज्ये लागतात आणि १३ राज्यांनी नुसते हातावर हात ठेवून बसायचे म्हटले तरी तो मरतो. नेब्रास्का सोडले तर प्रत्येक राज्यात दोन सभागृहे आहेत. तेव्हा १३ राज्यांतल्या एकेका सभागृहाने नकार दिला की काम संपले. देशात अशी एकूण ९९ सभागृहे आहेत आणि त्यांतल्या मोजक्या तेरांना ही ताकद आहे. सर्वांत कमी लोकवस्तीची १३ राज्ये घेतली, तर २०२० च्या जनगणनेनुसार त्यांत देशाचे साडेचार टक्क्यांहूनही कमी लोक राहतात. दुरुस्ती रोखणे इतके सोपे आहे, की हक्कांची सनद रद्द करणारा प्रस्ताव तिथून पार होईल असे मानणे म्हणजे साप समजून भुई धोपटणे आहे. १७८७ च्या परिषदेने मान्यतेचा नियमच बदलला होता, हा प्रतिवाद उरतो. परंतु तो नियम बदलल्यावरही प्रत्येक राज्याने स्वतंत्रपणे संमती दिली, ऱ्होड आयलंडने तर मे १७९० पर्यंत दिली नाही आणि तोवर ते राज्य नव्या संघाबाहेर राहिले. शिवाय तेव्हाची जुनी व्यवस्था मरणपंथाला लागलेली होती. आज सैन्य, न्यायालये, खजिना आणि ५० राज्यांची सरकारे एका लिखित घटनेवर उभी असताना एखादी परिषद मान्यतेची अट मनानेच शिथिल करील आणि सगळे ते निमूट मानतील, ही कल्पना मला पटत नाही.

मग खरी अडचण कुठे आहे? ती परिषदेच्या शेवटी नसून सुरुवातीला आहे, आणि तिचे नाव मोजणी. ३४ झाले हे ठरवणार कोण? एका राज्याने अंदाजपत्रकासाठी अर्ज केला, दुसऱ्याने कार्यकाळासाठी, तिसऱ्याने कोणताही विषय न सांगता. हे तिन्ही एकाच बेरजेत धरायचे का? १९७९ चा अर्ज आज जिवंत आहे का? मागे घेतलेला अर्ज खरेच मागे गेला का, की एकदा दिलेला शब्द परत घेता येत नाही? कित्येक दशके या अर्जांची अधिकृत यादीसुद्धा कुठे नव्हती. ते काँग्रेसच्या कामकाजाच्या बाडांत विखुरलेले होते. २०१५ पासून प्रतिनिधिगृहाच्या नियमांनुसार ते एकत्र जाहीर होऊ लागले. हा निव्वळ पंडितांचा वाद नाही. २०२२ मध्ये टेक्ससचे प्रतिनिधी जोडी ॲरिंग्टन यांनी प्रतिनिधिगृहात ठराव मांडला, त्यामागची भूमिका अशी, की जुने-नवे अर्ज एकत्र मोजले तर ३४ चा टप्पा पूर्वीच ओलांडला गेला आहे आणि काँग्रेस आपले कर्तव्य चुकवत आहे.

असा दावा अगदीच हवेतला नाही, याचे कारण सत्ताविसावी दुरुस्ती. काँग्रेसच्या सदस्यांची वेतनवाढ पुढच्या निवडणुकीनंतरच लागू व्हावी, असा प्रस्ताव मॅडिसन यांच्या पुढाकाराने १७८९ मध्ये राज्यांकडे गेला होता आणि पडून राहिला. १९८२ मध्ये टेक्सस विद्यापीठातील ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्याने, हा प्रस्ताव अजून जिवंत आहे, असा निबंध लिहिला. त्याला ‘सी’ श्रेणी मिळाली. चिडून त्याने राज्याराज्यांच्या आमदारांना पत्रे लिहायला घेतली आणि १९९२ मध्ये ती दुरुस्ती घटनेत गेली, मूळ प्रस्तावानंतर २०२ वर्षांनी. (विद्यापीठाने २०१७ मध्ये त्याची श्रेणी सुधारली.) अठराव्या शतकातली मान्यता विसाव्या शतकात धरली जात असेल, तर अठराव्या शतकातला अर्ज का धरू नये, असे कोणी विचारले तर त्याला वेड्यात काढता येत नाही. माझे मत उलट आहे. मान्यता ही एका निश्चित मजकुरावर दिलेली सही असते. अर्ज ही त्या क्षणीची तक्रार असते. १७८९ मध्ये न्यू यॉर्कला जी तक्रार होती ती हक्कांच्या सनदेने कधीच निवारली. ती आजच्या अंदाजपत्रकाच्या बेरजेत धरणे म्हणजे पणजोबांच्या सहीवर पणतवाने कर्ज काढणे आहे.

मोजणीनंतरचा दुसरा तिढा मतदानाचा. परिषदेचे पुरस्कर्ते १७८७ चा दाखला देऊन प्रत्येक राज्याला एक मत असे गृहीत धरतात, आणि २०१७ मध्ये ॲरिझोनाच्या विधिमंडळाच्या निमंत्रणावरून फीनिक्समध्ये झालेल्या पूर्वतयारीच्या बैठकीतही तीच रीत धरली गेली. पण १७८७ ची राज्ये आणि आजची राज्ये यांत फार अंतर आहे. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाख भरली आणि वायोमिंगची ५ लाख ७७ हजार. पहिले दुसऱ्याच्या ६८ पट, आणि दोघांना मत एकेक. लहान राज्यांना सिनेटमध्ये समान जागा आहेत, तो संघराज्याचा करार आहे आणि पाचव्या कलमानेच त्याला संरक्षण दिलेले आहे, हे मान्य. मान्यतेच्या टप्प्यावरही प्रत्येक राज्य समान आहे. मग प्रस्तावाच्या टप्प्यावरही तीच समानता तिसऱ्यांदा का मोजायची? परिषदेने काही सुचवायचे तर त्यामागे बहुसंख्य राज्ये असावीत आणि त्या राज्यांत मिळून देशातले बहुसंख्य लोक राहत असावेत, अशी दुहेरी अट मला न्याय्य वाटते. तिच्यामुळे बऱ्याच मोहिमांची पंचाईत होईल, आणि ती व्हायलाच हवी.

इथे राज्यांच्या निःस्वार्थीपणाविषयीचाही एक भ्रम दूर केला पाहिजे. डर्कसन यांची मोहीम होती कशासाठी? १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स’ खटल्यात सांगितले, की राज्यांच्या विधिमंडळांतले मतदारसंघ लोकसंख्येनुसार असले पाहिजेत. त्याआधी कॅलिफोर्नियाच्या सिनेटमध्ये साठ लाख वस्तीच्या लॉस एंजेलिस परगण्याला एक जागा होती आणि काही हजार वस्तीच्या डोंगराळ मतदारसंघालाही एकच. या विषमतेवर निवडून आलेली विधिमंडळेच ती विषमता घटनेत कायम करण्यासाठी परिषद मागत होती. काँग्रेस आपल्या खटल्यात न्यायाधीश होते, तसे राज्यांची विधिमंडळेही होऊ शकतात. राज्ये म्हणजे जनता, असे समीकरण मांडणाऱ्यांनी ती ३३ नावे एकदा डोळ्यांखालून घालावीत.

प्रतिनिधींवर वचक कसा ठेवायचा, हा प्रश्न त्यामानाने सोपा झाला आहे. राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीत मत देणाऱ्या निर्वाचकांना राज्य आपल्या मतदारांच्या कौलाशी बांधून ठेवू शकते आणि मोडल्यास शिक्षा करू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ‘शिआफालो’ खटल्यात एकमताने दिला. परिषदेचे प्रतिनिधी हे त्याच धर्तीवर राज्याचे मुखत्यार मानता येतील. तो निकाल परिषदेविषयी नव्हता, तेव्हा तो जसाच्या तसा लागू होईल असे मी म्हणत नाही. पण बर्गर ज्याला मुसके म्हणाले, त्याचा दोर आता हाताशी आहे.

नियम करण्याचा गंभीर प्रयत्न एकदा झाला होता. नॉर्थ कॅरोलायनाचे सिनेटर सॅम अर्विन, जे पुढे वॉटरगेटच्या चौकशीमुळे घराघरांत पोहोचले, त्यांनी डर्कसन यांची मोहीम ऐन भरात असताना १९६७ मध्ये परिषदेच्या कार्यपद्धतीचे विधेयक आणले. अर्जांची मुदत, ते मागे घेण्याची मुभा, प्रतिनिधींची संख्या, विषयाची मर्यादा असे सारे त्यात होते. १९७१ मध्ये सिनेटने ते ८४ विरुद्ध शून्य मतांनी संमत केले. प्रतिनिधिगृहाने त्याला हात लावला नाही. पुढे ऑरिन हॅच यांनीही तसे प्रयत्न केले, तेही अडले. हे अपघाताने घडते असे मला वाटत नाही. ज्या परिषदेचा उपयोग काँग्रेसला वळसा घालण्यासाठी आहे, तिचा रस्ता काँग्रेसने स्वतःहून सपाट का करावा? अनिश्चितता हाच तिचा बचाव आहे. नियम नाहीत म्हणून राज्ये कचरतात, आणि राज्ये कचरतात म्हणून नियमांची निकड भासत नाही.

अर्विन यांच्या मार्गावर एक तात्त्विक आक्षेप आहे आणि तो मला आरंभी फार जड वाटला होता. काँग्रेसवर वचक म्हणून जी परिषद आहे, तिचे नियम काँग्रेसनेच केले तर मेसन यांच्या तक्रारीचे काय? म्हणून माझ्या मते विभागणी करावी. मोजणी काँग्रेसला करावीच लागते, कारण परिषद बोलावण्याचे कर्तव्य तिचे आहे. तेव्हा कोणता अर्ज कोणत्या विषयाच्या खात्यात जातो, तो किती वर्षे टिकतो आणि ३४ होईपर्यंत मागे घेता येतो, एवढेच तिने कायद्याने ठरवावे. मुदत सात वर्षांची पुरे. एवढ्या काळात ३४ राज्ये जमत नसतील तर ती मागणी देशाची नाही. प्रतिनिधींची निवड, त्यांना दिलेल्या सूचना, मतदानाची रीत आणि सभेचे कामकाज यांत मात्र काँग्रेसने शिरू नये. ते राज्यांनी आपापसांत एकसारखे कायदे करून आधीच ठरवावे. आणि हे आजच करावे, कारण आज कोणाच्याही हाती ३४ नाहीत आणि नियमांचा फायदा कोणाला होईल हे कोणालाच ठाऊक नाही. ३३ झाल्यावर बसाल तर प्रत्येक नियमाकडे कोणाचा हात वर आणि कोणाचा खाली, याच नजरेने पाहिले जाईल.

भारतीय वाचकाला हा सारा खटाटोप परका वाटू शकतो, कारण अनुच्छेद ३६८ नुसार घटनादुरुस्तीचा आरंभ केवळ संसदेतच होतो. वस्तू व सेवा कराची १०१ वी दुरुस्ती २०१६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळापुढे आली तेव्हा त्याला होय किंवा नाही म्हणता येत होते. तिच्यातला स्वल्पविराम बदलणे त्याच्या हाती नव्हते. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने १९४८ मध्ये जो मसुदा दिला, त्यातील ३०४ व्या कलमात एक लहानशी खिडकी होती: राज्यपाल निवडण्याची रीत आणि राज्याच्या विधिमंडळाची सभागृहे किती, या दोन बाबतींत दुरुस्तीचे विधेयक राज्याच्या विधानसभेत सुरू होऊन संसदेकडे मान्यतेसाठी जाऊ शकत होते. अंतिम संविधानात ती खिडकी राहिली नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी, एका पिढीने पुढच्या पिढीला बांधून ठेवू नये, हा जेफरसन यांचा विचार उद्धृत केला आणि आपण अमेरिकेसारख्या असाधारण अटी घातलेल्या नाहीत, हे अभिमानाने सांगितले. त्यांचे म्हणणे खरेच ठरले. आपल्याकडे शंभरावर दुरुस्त्या झाल्या. मात्र सुलभता संसदेच्या वाट्याला आली आणि राज्यांच्या वाट्याला फक्त होकार-नकार. राज्यपालपदावरून केंद्र आणि राज्ये यांच्यात आज जे खटके उडतात, ते पाहिले की त्या गाळलेल्या खिडकीची आठवण होते.

एक शंका उरते. ३८ राज्यांचे एकमत आजच्या दुभंगलेल्या अमेरिकेत अशक्य असेल, तर परिषदेचे नियम करून मिळवायचे काय? बंदुका किंवा अंदाजपत्रक यांसारख्या विषयांत काहीच मिळणार नाही, हे मी कबूल करतो. तिथे ‘मोकाट’ काय, बांधलेली परिषदही रिकाम्या हाताने परतेल. पण सत्ताविसाव्या दुरुस्तीला मान्यता देणाऱ्या राज्यांत दोन्ही पक्षांची राज्ये होती, आणि सिनेटच्या थेट निवडणुकीसाठी अर्ज करणारी राज्येही देशाच्या एका भागातली नव्हती. सत्ताधाऱ्यांच्या सोयीविरुद्धचे प्रश्न पक्षाच्या रेघा ओलांडतात. त्यांच्यासाठी परिषद भरण्याचीही गरज पडत नाही. ती विश्वासार्ह रीतीने भरू शकते एवढे सिनेटला पटले, तर १९१२ ची पुनरावृत्ती होऊ शकते.

काँग्रेस आपल्या वाट्याचा कायदा करो वा न करो, राज्यांना आपल्या वाट्याचे काम करायला कोणाची परवानगी लागत नाही. इंडियानाने २०१३ मध्ये आधी प्रतिनिधींविषयी कायदा केला: विधिमंडळाच्या सूचनेबाहेर दिलेले मत रद्दबातल आणि देणारा फौजदारी गुन्ह्याला पात्र. ‘कन्व्हेन्शन ऑफ स्टेट्स’चा अर्ज त्या विधिमंडळाने त्यानंतर, २०१६ मध्ये मंजूर केला. ज्यांचे अर्ज काँग्रेसच्या दप्तरी पडून आहेत पण प्रतिनिधींबद्दल एक ओळही कायद्यात नाही, अशा राज्यांनी पुढच्या अधिवेशनात नवा अर्ज करण्याऐवजी हे विधेयक आणावे.